मसागांची काच

नायजर नदी वायव्येकडून नायजेरियात शिरते आणि आग्नेयेकडे वाहत जाऊन लोकोजा येथे बेन्वे नदीला मिळते. त्या वाटेत उत्तरेकडून कडुना नदी तिच्यात येऊन मिसळते. या संगमाच्या पूर्वेस, नदीकाठापासून थोडे आत, बिडा नावाचे शहर वसले आहे. नुपे लोकांच्या राज्याची ही राजधानी. त्यांच्या राजाला ‘एत्सु नुपे’ म्हणतात. राज्य गेले, पण गादी आजही चालू आहे. भोवती भाताची आणि ज्वारीची शेती आहे. तथापि बिडाचे नाव दूरवर गेले ते धान्यामुळे नव्हे, तर हाताच्या कामामुळे. पितळेच्या ठोकीव थाळ्या व सुरया, काचेचे मणी आणि बांगड्या, एकाच ओंडक्यातून कोरून काढलेली अनेक पायांची बैठी आसने, रंगीत चटया, गवती टोप्या, भरतकामाचे पायघोळ झगे, असा नाना प्रकारचा माल या एका शहरातून हौसा आणि योरुबा लोकांच्या मुलखांत जात असे.

अशा ठिकाणाविषयी लिहिताना ‘खेडवळ हस्तकला’ हा शब्द सहज लेखणीतून उतरतो. तो येथे लागू पडत नाही. बिडाचे कारागीर शेतीतून उरलेल्या वेळात हात चालवणारे नव्हेत. ते पिढीजात, पूर्णवेळ आणि अस्सल शहरी कारागीर आहेत. धंद्यापरत्वे त्यांच्या वस्त्या वेगळ्या आहेत, आपल्या प्राचीन वाङ्मयात जिला ‘श्रेणी’ म्हटले आहे तशी त्यांची संघटना आहे, आणि प्रत्येक श्रेणीच्या प्रमुखाला राजमान्य पदवी आहे. लोहारांच्या प्रमुखाला ‘दाकोद्झा’, पितळकाम करणाऱ्यांच्या प्रमुखाला ‘मुकू’, आणि काचकाम करणाऱ्यांच्या प्रमुखाला ‘मसागा’ म्हणतात. काचवाल्यांच्या बाबतीत तर प्रमुखाची पदवी, श्रेणीचे नाव आणि वस्तीचे नाव ही तिन्ही एकच होऊन बसली आहेत.

या शहराचे बारकाईने वर्णन करणाऱ्यांत सिगफ्रीड नाडेल यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९०३ मध्ये जन्मलेले नाडेल मूळचे मानसशास्त्राचे आणि संगीताचे अभ्यासक. लंडनला मानववंशशास्त्र शिकून ते १९३४ मध्ये नुपे देशात आले आणि पुढील दोन वर्षे मुख्यतः तेथेच काम केले. १९४२ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या नावात त्यांनी नुपे राज्याला ‘काळे बायझॅन्टियम’ म्हटले आहे. दरबार, पदव्या, मानपान, कर आणि कारागीर यांचे इतके गुंतागुंतीचे जाळे पाहून त्यांना त्या प्राचीन साम्राज्याची आठवण झाली. ज्ञान मिळवण्यासाठी त्यांनी राजवाड्यात जेवढा वेळ घालवला, तेवढाच भट्टीजवळ आणि बाजारात घालवला असावा, असे तो ग्रंथ वाचताना वाटते. घरात कोण कोणासाठी काम करतो, मिळकत कोणाच्या हाती जाते, लग्नाचा खर्च कोण उचलतो, या प्रश्नांची उत्तरे त्यांनी एखाद्या जाणत्या मुनीमाच्या काटेकोरपणे टिपली आहेत.

बाजाराविषयी दोन गोष्टी येथे सांगण्याजोग्या आहेत. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये तेथे पुष्कळदा एक तिसरा माणूस उभा असे. हौसा भाषेत त्याला ‘दिल्लाली’ म्हणतात. वाचकांच्या लक्षात आलेच असेल, हा आपलाच ‘दलाल’. एक अरबी शब्द वाळवंट ओलांडून नायजरकाठी गेला आणि तोच फारसीच्या वाटेने आपल्या पेठांत येऊन बसला. दोन्हीकडे माणूस तोच, कामही तेच, आणि त्याच्याविषयीची कुरकुरही बहुधा तीच.

दुसरी गोष्ट चलनाची. इंग्रजी नाणे रूढ होण्यापूर्वी या साऱ्या प्रदेशात कवडी चालत असे. ही कवडी नायजरची नव्हे. ती मालदीव बेटांच्या समुद्रातली. भारतात तिचे चलन शतकानुशतके होते आणि हिंदी महासागरातूनच ती युरोपीय जहाजांत भरून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरत असे. तेथे २०,००० कवड्यांचे एक पोते, असा मोठ्या व्यवहारांचा हिशेब होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जर्मन व्यापाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची एक स्वस्त जात जहाजे भरभरून आणली, आणि कवडीचा भाव कोसळला. पोती भरून ठेवलेल्यांची आयुष्यभराची शिल्लक अक्षरशः कवडीमोल झाली. चलन आपल्या हाती असते, पण त्याचा पुरवठा भलत्याच्याच हाती असतो. बिडाच्या काचेची गोष्टही पुढे याच वळणाने जाणार आहे, म्हणून हा उल्लेख.

नुपे देशातील धातुकाम बिडा शहराहून जुने आहे. लोकांच्या आठवणीत या राज्याचा मूळ पुरुष त्सोएदे हा ब्राँझच्या होडीतून नदीमार्गे आला आणि त्याने येताना लोहार व ओतारी बरोबर आणले. ही दंतकथा झाली. पण नायजरकाठच्या तादा या गावी एका बैठ्या पुरुषाची तांब्याची मूर्ती होती, तीही त्सोएदेनेच आणली असे लोक मानीत. ही मूर्ती जवळजवळ शुद्ध तांब्याची असून सुमारे १३०० च्या आसपासची समजली जाते. शुद्ध तांबे ओतणे किती अवघड असते हे ओतकाम जाणणारा कोणीही सांगेल. गावकरी दर शुक्रवारी ती नदीवर नेऊन वाळूगोट्यांनी घासून स्वच्छ करीत, त्यामुळे संतती आणि समृद्धी लाभते अशी श्रद्धा होती. शतकानुशतकांच्या त्या घासण्याने मूर्तीवरील बारीक कोरीवकाम पुसट झाले आहे. आता ती लागोसच्या संग्रहालयात आहे.

बिडा राजधानी झाली ती १८५७ च्या सुमारास, आपापसांतल्या युद्धांचा शेवट झाल्यावर. मुस्लिम फुलानी घराण्याच्या तीन शाखांनी आळीपाळीने गादीवर बसायचे असे ठरले. दरबार मोठा झाला आणि दरबाराबरोबर मागणीही वाढली. घोड्यांचा साज, थाळ्या, सुरया, मानाचे झगे यांची मागणी राजवाड्यातून श्रेणीच्या प्रमुखाकडे येई. तो ती घराघरांत वाटून देई, आणि मोबदलाही त्याच्याच हातून खाली पोहोचे. बाजारासाठी केलेला माल मात्र ज्याच्या त्याच्या घरचा. मोठा गिऱ्हाईक एक आणि तोच राजा, ही स्थिती धंद्याला जितकी सुखाची तितकीच धोक्याची. जानेवारी १८९७ मध्ये रॉयल नायजर कंपनीच्या सुमारे ५०० सैनिकांच्या फौजेने, तोफांच्या आणि यांत्रिक बंदुकांच्या बळावर, कितीतरी मोठ्या नुपे सैन्याचा पराभव करून बिडा घेतले. व्यापारी कंपनीने राज्य जिंकावे, हा प्रकार आपल्याला नवा नाही. त्यानंतर दरबाराची ऐपत उतरत गेली आणि कारागिरांना बाजाराचा आधार अधिकाधिक शोधावा लागला.

आता काचेकडे वळू.

मसागांची काम करण्याची जागा म्हणजे मातीच्या भिंतींची गोल खोली. वर गवती छप्पर, आत अंधार, आणि मध्यभागी जमिनीत मातीची भट्टी. लाकडाचे ओंडके तिच्यात सरकवत राहायचे. एका बाजूला कातड्याचा भाता. त्याच्या दोन दांड्या आळीपाळीने वर-खाली करणारा माणूस क्षणभर थांबला तरी उष्णता उतरते, म्हणून तो थांबत नाही. भट्टीभोवती बाकीचे लोखंडी सळया घेऊन बसलेले असतात. सळीच्या टोकावर काचेचा गोळा तापवायचा, तो मधासारखा ओघळू लागला की दुसऱ्या सळीवर त्याची तार ओढून गुंडाळायची, एका सपाट पात्याने दाबून आकार द्यायचा. पिवळ्या, पांढऱ्या वा तांबड्या काचेचा धागा वरून फिरवून नक्षी काढायची. झाला एक मणी. अंधार मुद्दाम ठेवलेला असतो, कारण काच किती तापली हे तिच्या तांबूस झळाळीवरून ओळखायचे असते आणि उजेडात ती झळाळी दिसत नाही.

बांगडीची रीत आणखी पाहण्यासारखी. प्रथम मण्यासारखेच एक लहान जाड कडे सळीवर घडवतात. ते मऊ असतानाच पात्याने मोठे करत, सळी हातात वेगाने गरगर फिरवतात. फिरण्याच्या वेगानेच कडे आपोआप फाकत जाते आणि मनगटाएवढे होते. आपल्याकडे फिरोजाबादला काचेच्या तारेची वेटोळी कापून प्रत्येक बांगडीची दोन टोके ज्योतीवर जोडतात; बिडाच्या बांगडीला मात्र सांधा नसतोच. फिरवण्यात हात किंचित अडखळला तर कडे वाकडे होते आणि पुन्हा भट्टीत जाते. या कामाला पुस्तक नाही. मूल भट्टीजवळ वाढते आणि पाहता पाहता शिकते. कामाची लय सांभाळण्यासाठी माणसे गातात. भात्याच्या ठेक्यावर गाणे आणि गाण्याच्या ठेक्यावर सळी.

एवढ्या वर्णनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ही भट्टी एकट्याची नव्हे. भाता एकाने, सरपण दुसऱ्याने, सळया तिघाचौघांनी सांभाळायच्या. चार सशक्त माणसे एकाच वेळी, एकाच घरची, एकाच हिशेबात असल्याशिवाय ती पेटवणेच परवडत नाही. नुपे समाजातील ‘एफाको’ नावाची व्यवस्था येथे समजून घेतली पाहिजे, आणि आपल्या वाचकांना ती समजण्यास फारसा वेळ लागणार नाही.

एफाको म्हणजे घरच्या वडीलधाऱ्याच्या हाताखाली सर्वांनी मिळून करायचे काम. भाऊ, मुलगे, पुतणे दिवसाचा मुख्य भाग या सामाईक कामाला देतात. मिळकत वडीलधाऱ्याच्या हाती जाते. त्याबदल्यात घरच्यांचे अन्न, सरकारी कर, हत्यारे आणि मुख्य म्हणजे तरुणांच्या लग्नाचा खर्च ही त्याची जबाबदारी. याच्या उलट ‘बुचा’, म्हणजे ज्याने त्याने स्वतःच्या वेळात स्वतःसाठी केलेले काम; त्याची मिळकत ज्याची त्याची. एकाच घरात एफाको आणि बुचा दोन्ही एकाच वेळी चालत. प्रश्न एवढाच असे की दिवसाचा किती भाग सामाईक आणि किती आपापला. पेढीवर बसणाऱ्या घरांत हा प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला जातो, हे वेगळे सांगायला नको.

नाडेल यांनी पाहिलेल्या काळात एफाको आक्रसत चालली होती. पूर्वी चुलतभावांपर्यंत पसरलेला कामाचा गट बापलेकांपुरता उरू लागला होता. कारणे ओळखीचीच आहेत. कर रोख भरावा लागे, लग्नाचा खर्च वाढला होता, आणि सर्वांची लग्ने लावून देण्याइतकी मिळकत वडीलधाऱ्याच्या हाती राहीनाशी झाली होती. जो कुटुंबप्रमुख तरुणाचे लग्न करून देऊ शकत नाही, त्याच्यासाठी तो तरुण दिवसभर का राबेल? एकत्र कुटुंब मोडते ते नव्या विचारांमुळे, असे आपल्याकडे पुष्कळदा म्हटले जाते. नुपे घरांतले उदाहरण पाहिले तर असे दिसते की ते बहुधा आधी जमाखर्चात मोडते आणि विचार मागाहून येतात. शेतकऱ्यांत ही फाटाफूट लवकर झाली. भट्टीवाल्यांना ती परवडण्यासारखी नव्हती. शेताचे दोन तुकडे करता येतात. भट्टी अर्धी पेटवता येत नाही.

घरातल्या स्त्रियांचा हिशेब मात्र वेगळा होता. नुपे स्त्रिया व्यापारात पुढे होत्या. कित्येक जणी माल घेऊन दूरच्या बाजारांपर्यंत जात. त्यांची कमाई त्यांची स्वतःची असे. नाडेल यांना असे आढळले की पुष्कळ घरांत नवराच बायकोचा कर्जदार होता; मुलांच्या लग्नाचा, सणासमारंभाचा जो खर्च रीतीप्रमाणे त्याने करायचा, तो ती करी आणि मनात नोंद ठेवी. पुरुषांना हे रुचत नसे, पण तिच्यावाचून चालतही नसे. ही अढी एका चमत्कारिक वाटेने बाहेर पडली. नुपे लोकांच्या समजुतीत चेटूक करणाऱ्या त्या स्त्रियाच, आणि बाजारातील स्त्री-व्यापाऱ्यांची जी प्रमुख, तीच त्या सर्वांचीही प्रमुख. कर्त्या स्त्रीला बोल लावण्याच्या तऱ्हा देशोदेशी निराळ्या, एवढेच म्हणायचे.

मण्यांच्या बाजारात मसागा एकटे कधीच नव्हते. व्हेनिसचे आणि बोहेमियाचे काचमणी पश्चिम आफ्रिकेत पेट्याच्या पेट्या भरून येत. तांबड्या दगडाच्या मण्यांत तर आपल्या खंबायतचे नाव फार जुने. राजपीपळ्याच्या बाजूच्या खाणींतला अकीक भाजून लाल करायचा, पैलू पाडायचे, भोक पाडायचे आणि मुंबईच्या वाटेने आफ्रिकेकडे पाठवायचे, हा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालला. पुढे जर्मनीतील इदार-ओबरश्टाइनच्या कारागिरांनी आफ्रिकेच्या बाजाराला रुचतील असे दगडी मणी तयार करून खंबायतच्या धंद्यावर कुरघोडी केली. या चढाओढीत बिडाचा मणी टिकला. तो परदेशी मण्याइतका एकसारखा नव्हता, पण तो जवळ होता, स्वस्त होता, आणि गिऱ्हाईक हवे ते माप, हवा तो रंग भट्टीवर बसून सांगू शकत होते.

तो स्वस्त कसा राहिला, हा खरा प्रश्न आहे, आणि बिडाच्या काचेची सारी कथा त्याच्या उत्तरात आहे.

मसागांची स्वतःची मूळ काच काळी. तिला ते ‘बिकिनी’ म्हणतात. या नावाचा अलीकडच्या कोणत्याही वस्त्रप्रकाराशी संबंध नाही, हे सांगून टाकलेले बरे. ही काच ते कच्च्या मालापासून तयार करीत. वाळू आणि तिच्याबरोबर चाड सरोवराकडून उंटांच्या व गाढवांच्या पाठीवर येणारा खनिज खार, ज्याला हौसा भाषेत ‘कन्वा’ म्हणतात. या दोहोंची भट्टी नुसते मणी ओढण्याच्या भट्टीपेक्षा कितीतरी अधिक वेळ आणि अधिक सरपण मागते, आणि प्रमाण चुकले तर हाती येतो तो निरुपयोगी गोळा. वाळूची काच करणे आणि काचेचा मणी करणे ही दोन वेगळी शास्त्रे आहेत. जगभरच्या कित्येक प्रसिद्ध मणीकारांना दुसरे येत असे, पहिले नाही. ते काच विकत आणीत. मसागांना दोन्ही येत होती.

मग बाटल्या आल्या. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या, सैनिकांच्या, कंपन्यांच्या मद्याच्या बाटल्या, हिरव्या आणि तपकिरी, औषधांच्या निळ्या, तोंडाला लावायच्या मलमाच्या पांढऱ्या दुधी बरण्या. ज्या काचेसाठी दिवसरात्र भट्टी पेटवावी लागे, ती आता उकिरड्यावर पडलेली मिळू लागली, आणि तीही रंगीबेरंगी. मसागा मुसलमान आहेत. मद्य त्यांना वर्ज्य. रिकामी बाटली वर्ज्य नाही. या सूक्ष्म भेदाचे मर्म आपल्या वाचकांइतके चांगले कोणाला कळणार?

घरच्या वडीलधाऱ्यासमोर दोन खर्च मांडून पाहू. एकीकडे वाळू, दूरचा खार, भरमसाठ लाकूड, अनुभवी हात, आणि काच बिघडण्याची जोखीम. शेवटी मिळणार एकच रंग, काळा. दुसरीकडे एक फोडलेली बाटली. हा निर्णय घेण्यासाठी नाडेल यांच्यासारख्या पंडिताची गरज नव्हती. कोणत्याही शहाण्या व्यापाऱ्याने जे केले असते, तेच त्यांनी केले. बाटल्यांमुळेच मणी स्वस्त राहिला, व्हेनिसच्या मण्यापुढे उभा राहिला, चार माणसांच्या पोटाला मिळत गेले, भट्टी विझली नाही. ज्या काळात आफ्रिकेतील कितीतरी कारागिरी परदेशी मालापुढे बसली, त्या काळात बिडाची काच जगली ती टाकाऊ मालाला नफ्यात बदलणाऱ्या या हिशेबीपणावर. त्याबद्दल त्यांना दोष देणारा लेखक बहुधा स्वतः कधी सरपण विकत घेतलेला नसतो.

पण जमाखर्चाच्या वहीत एक नोंद झाली नाही. वाळूपासून काच करण्याची विद्या घरात दर पिढीला एकदा तरी हाताखालून जावी लागते. ती न विकता ठेवता येणारी वस्तू नाही. ती करत राहिले तरच असते. बाटल्या मिळत राहिल्या आणि बिकिनी करण्याचे प्रसंग विरळ होत गेले.

या विद्येची किंमत काय होती, हे आता कोठे उमगू लागले आहे. बिडाच्या नैऋत्येस, योरुबा लोकांच्या इले-इफे या पवित्र नगरात, इग्बो ओलोकुन नावाच्या जागी २०११-१२ मध्ये नायजेरियन पुरातत्त्वज्ञ अबिदेमी बाबालोला यांनी उत्खनन केले. १२,००० हून अधिक काचमणी, काच वितळवण्याच्या मुशींचे तुकडे आणि भट्टीचा टाकाऊ माल तेथे सापडला. काचेचे पृथक्करण केले तेव्हा तिचे घटक युरोपच्या वा अरब देशांच्या काचेशी जुळले नाहीत. ती स्थानिक दगडमातीपासूनच, सुमारे अकराव्या ते पंधराव्या शतकात, तयार केलेली होती. पश्चिम आफ्रिकेतली जुनी काच म्हणजे बाहेरून आलेला माल, असे विद्वान दीर्घकाळ गृहीत धरीत होते. ते गृहीत ढासळले. पण इफेची ती विद्या मध्येच केव्हातरी संपली होती. तेथील नंतरच्या लोकांना जुने मणी जमिनीतून खणून काढता येत, विकता येत. नवी काच करता येत नव्हती. पश्चिम आफ्रिकेत वाळूपासून काच करणारे जिवंत हात पाहायचे, तर विसाव्या शतकात बिडासारखी फार थोडी ठिकाणे उरली होती. मसागा आपल्या पूर्वजांचे मूळ पूर्वेकडे, थेट मिसर देशात सांगतात. ते खरे असो वा नसो, काळी काच करण्याची त्यांची रीत उसनी आणलेल्या बाटलीवर अवलंबून नव्हती एवढे निश्चित.

आता बाटलीचे दिवसही बदलत आहेत. निळ्या काचेतली औषधे प्लास्टिकमध्ये गेली, दुधी बरण्याही तशाच. हिरवी आणि तपकिरी काच मिळते. निळा आणि शुभ्र रंग शोधावा लागतो. पुरवठा भलत्याच्या हाती असण्याचा अनुभव या मुलखाने कवडीच्या वेळी घेतला होता. पितळकाम करणाऱ्यांनी याआधीच मोडीतल्या ॲल्युमिनियमशी जुळवून घेतले आहे. ठोकीव थाळी अजून होते, पण ती आता घरगुती गरजेपेक्षा लग्नातल्या भेटीसाठी आणि पाहुण्यांसाठी. मसागांच्या वस्तीत मणी ओढण्याचे काम चालू आहे. मुले शाळेत जातात, शहरात तंत्रशिक्षणाची मोठी सरकारी संस्था आहे, आणि भात्याच्या दांड्यांपेक्षा सोपी कामे भोवती पुष्कळ आहेत.

गंमत अशी की ज्या काळ्या काचेला बाटलीने बाजारातून उठवले, तिलाच आता दूरदेशीचे मण्यांचे संग्राहक मुद्दाम विचारतात. त्यांना हिरवा मणी आणि काळा बिकिनी यांतला फरक कळतो, आणि काळ्यासाठी अधिक मोजण्याची त्यांची तयारी असते. म्हणजे दोन खर्चांचा तो जुना ताळा पुन्हा मांडण्याची वेळ आली आहे, आणि या वेळी जमेच्या बाजूला काहीतरी आहे. अडचण सरपणाची आहे, खाराची आहे, आणि त्याहून अधिक, मिश्रणाचे प्रमाण डोळ्यांनी ओळखणाऱ्या वृद्धांच्या वयाची आहे. एखाद्या तरुणाने आपल्या बुचाच्या वेळात, स्वतःच्या हौसेने हे करावे, तर ते होण्यासारखे नाही. त्याला साऱ्या घराचे हात लागतात आणि साऱ्या घराचे लाकूड. भट्टीचे चार-सहा दिवस बाटलीच्या नेमक्या मिळकतीवर पाणी सोडून वाळूला द्यायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार अजून घरच्या वडीलधाऱ्याकडेच आहे.